विहिरीच्या पाण्यात इंधन उतरले का, हे कसे कळते?

पुणे-बेंगळूर महामार्गावर निपाणी, संकेश्वर किंवा बेळगावच्या आसपास इंधनाचा टँकर उलटला की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात ठरावीक बातमी येते: अग्निशमन दलाने फेस मारला, क्रेनने टँकर बाजूला घेतला, काही तासांनी वाहतूक सुरळीत झाली. रस्त्याकडेच्या चरीत वाहून गेलेल्या डिझेलचे पुढे काय झाले, हे त्या बातमीत नसते. पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीला किंवा नळाला बारीक छिद्र पडले तर तेवढीही बातमी होत नाही, कारण ते कोणाच्या नजरेस पडत नाही. कित्येक महिन्यांनी शेजारच्या परसातील विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येऊ लागतो, धावपळ सुरू होते, कोणीतरी बाटलीभर पाणी प्रयोगशाळेत नेऊन देतो आणि ‘पाणी पिण्यास योग्य’ असा कागद हातात पडतो. त्या कागदावर भरवसा ठेवावा की नाही, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो: चुकीच्या जागेवरून, चुकीच्या खोलीवरून किंवा चुकीच्या बाटलीत घेतलेल्या एका नमुन्याने काहीच सिद्ध होत नाही, आणि आपल्याकडे मागणी सहसा त्या एका नमुन्यापुरतीच होते.

सीमाभागात हा प्रश्न अधिक जवळचा आहे. बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल येथून नळाचे पाणी येत असले तरी शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी या भागांत अनेक घरांच्या परसात जुन्या विहिरी आहेत आणि नळाचे पाणी लांबले की त्यांचाच आधार असतो. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खणलेली विहीर तर शहराच्या इतिहासाचाच भाग आहे. खेड्यांत विहीर आणि बोअर यांवाचून भागत नाही. दुसऱ्या बाजूला, कर्नाटकात डिझेल महाराष्ट्रापेक्षा बहुतेक काळ स्वस्त राहिल्यामुळे कोगनोळीपासून पुढे महामार्गालगत पंपांची दाटी झाली आहे. इंधनाच्या टाक्या आणि पिण्याच्या विहिरी अशा एकमेकींच्या शेजारी नांदत आहेत.

जमिनीखाली पाणी असते कुठे?

जमिनीखाली नदी वाहते, ही समजूत पाणाड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवली आहे. प्रत्यक्षात पाणी खडकांच्या भेगांत, सच्छिद्र थरांत आणि मुरमात साठलेले असते. ज्या उंचीच्या खाली या सगळ्या मोकळ्या जागा पाण्याने भरलेल्या असतात त्या उंचीला भूजलपातळी म्हणतात. पावसाळ्यानंतर ती वर येते, मे महिन्यात तळ गाठते, आणि तिलाही जमिनीसारखा उतार असतो, ज्याच्या दिशेने पाणी सावकाश सरकत राहते.

बेळगाव जिल्ह्याचा उत्तर आणि पश्चिम भाग बहुतांशी दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून तो तयार झाला. त्यातील काही थर घट्ट, काही भेगाळलेले, काही बारीक छिद्रांचे आहेत, आणि दोन थरांच्या मध्ये कधी लाल मातीचा पट्टा सापडतो. पश्चिमेच्या उंच भागात आणि बेळगाव शहरातही काही ठिकाणी वर जांभ्याचा थर आहे, ज्यातून पाणी चटकन खाली उतरते. गोकाकच्या बाजूला वालुकाश्म आणि क्वार्टझाइट लागतात. या सगळ्यात एक समान गोष्ट अशी, की पाणी सगळीकडे सारख्या वेगाने आणि सरळ रेषेत सरकत नाही. ते भेग सापडेल तिकडे जाते. वाळूच्या प्रदेशासाठी लिहिलेले नियम आपल्याकडे जसेच्या तसे का लागू पडत नाहीत, याचे मूळ इथे आहे.

सांडलेले इंधन खाली जाऊन काय करते?

पेट्रोल आणि डिझेल पाण्यापेक्षा हलके असतात. जमिनीत मुरताना त्यांचा काही भाग मातीच्या आणि मुरमाच्या कणांना चिकटून राहतो. थोडे सांडले असेल तर सगळे तिथेच अडकते. गळती मोठी किंवा दीर्घकाळची असेल तर उरलेले भूजलपातळीपर्यंत पोहोचते आणि तिच्यावर तरंगत उताराच्या दिशेने पसरू लागते.

इथे भूजलपातळीच्या वर-खाली होण्याला महत्त्व येते. मिसळीच्या पातेल्यातील रस्सा जसजसा संपतो तसतसा वरचा कट पातेल्याच्या कडांना माखत खाली येतो, आणि पुन्हा रस्सा ओतला तरी कडांवरचा तो तेलकट थर पूर्णपणे सुटत नाही. उन्हाळ्यात भूजलपातळी दोन-चार मीटर खाली गेली की तरंगणारे इंधनही तिच्यासोबत उतरते आणि वाटेतील सगळ्या खडकाला माखते. पावसाळ्यात पाणी वर चढते तेव्हा ते इंधन पाण्याखाली अडकते आणि पुढची कित्येक वर्षे थोडे थोडे पाण्यात विरघळत राहते. म्हणूनच जूनमध्ये वास आला, सप्टेंबरमध्ये गेला आणि पुढच्या वर्षी पुन्हा आला, असे अनुभव येतात. गळती पुन्हा झालेलीच असेल असे नाही.

इंधनाचा जो भाग पाण्यात विरघळतो तोच आरोग्याच्या दृष्टीने मुख्य चिंतेचा. पेट्रोलमध्ये बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीन अशी चार संयुगे असतात. त्यांपैकी बेंझीन सर्वांत घातक असून ते माणसात रक्ताचा कर्करोग घडवते हे सिद्ध झालेले आहे. डिझेलमध्ये बेंझीन फार कमी असते, पण त्यातील जड संयुगे मातीला अधिक चिवटपणे चिकटतात. विरघळलेल्या संयुगांचा जो लांबट भाग गळतीच्या जागेपासून उताराकडे पसरतो, त्याला या लेखात प्रदूषणाचा पट्टा म्हणू.

थोडेसे इंधन एवढे महत्त्वाचे का?

कारण बेंझीनची घातक मर्यादा अतिशय सूक्ष्म आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी ती लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम ठेवली आहे. भारतात २०२० पासून लागू असलेल्या भारत स्टेज ६ मानकानुसार पेट्रोलमध्ये बेंझीन आकारमानाने जास्तीत जास्त १ टक्का असू शकते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटर, वजनात सुमारे ८.८ ग्रॅम. हिशेब केला तर तेवढे बेंझीन ८ लाख ८० हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेण्यास पुरेसे आहे. प्रत्यक्षात बराच भाग हवेत उडतो, मातीत अडकतो किंवा जिवाणू खाऊन टाकतात. तरीही आकड्याचा आवाका लक्षात यावा.

गळतीचाही हिशेब असाच चकवणारा आहे. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर दिवसाला सुमारे चार लिटर आणि वर्षाला दीड हजार लिटर इंधन जमिनीत जाते.

अलीकडे यात आणखी एक गुंतागुंत आली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांना त्याचे वेगळे कौतुक सांगायला नको. जमिनीतील जिवाणू बेंझीन खाऊ शकतात, पण त्यांना आधी इथेनॉल मिळाले तर ते त्याच्यावर ताव मारतात आणि पाण्यातील प्राणवायू त्यातच संपतो. बेंझीन त्या काळात शिल्लक राहते आणि पट्टा अधिक लांब जाऊ शकतो. इथेनॉलला विरोध म्हणून हे लिहीत नाही. पाहणी करताना जुने अंदाज वापरू नयेत, एवढाच मुद्दा आहे.

निरीक्षणाची कूपनलिका म्हणजे नेमके काय?

पाणी उपसण्यासाठी नव्हे, तर केवळ पाण्याची पातळी मोजण्यासाठी आणि नमुना घेण्यासाठी पाडलेल्या अरुंद बोअरला निरीक्षण कूपनलिका म्हणतात. साधा नळ खाली सोडून त्याच्या ठरावीक भागाला बारीक फटी ठेवतात, म्हणजे पाणी तेवढ्याच खोलीवरून आत येते. त्या भागाभोवती स्वच्छ वाळू भरतात आणि वरची मोकळी जागा सुजणाऱ्या चिकणमातीने व सिमेंटने बंद करतात, जेणेकरून पृष्ठभागावरचे पाणी बाजूने घसरून आत जाणार नाही.

सगळी मेख त्या फटींच्या खोलीत आहे. इंधन तरंगते, म्हणून फटींचा भाग भूजलपातळीच्या थोडा वरपासून थोडा खालपर्यंत असला पाहिजे, आणि तोही मे व ऑक्टोबर या दोन्ही वेळच्या पातळ्या धरून. फटी संपूर्णपणे पाण्याखाली गेल्या तर वर तरंगणारे इंधन नळाच्या बाहेरच राहते आणि आतले पाणी स्वच्छ दिसते. आपल्याकडच्या शेतातील बोअरची गत नेमकी अशीच असते. केसिंग पाईप वरचा मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंत घालतात आणि पाणी खालच्या भेगांतून येते. अशा तीनशे फुटी बोअरचा नमुना स्वच्छ आला, यावरून शेजारच्या चाळीस फुटी विहिरीबद्दल काहीही म्हणता येत नाही. उलट, केसिंगभोवतीची जागा नीट बंद केलेली नसेल तर तेच बोअर वरचे इंधन खोल पाण्यापर्यंत नेणारी वाट बनते.

उघड्या विहिरीचा नमुनाही जपून वाचावा लागतो. बेंझीन उडून जाणारे असल्यामुळे विहिरीच्या उघड्या पृष्ठभागावरून ते कमी होते. वरच्या वर बादलीने काढलेले पाणी आणि झऱ्याच्या तोंडाशी असलेले पाणी यांत फरक पडू शकतो.

किती कूपनलिका लागतात आणि कुठे?

भूजलाचा उतार ठरवायचा तर कमीत कमी तीन कूपनलिका हव्यात, त्याही एका रेषेत नव्हे तर त्रिकोणात. तिन्हींच्या तोंडाची उंची सर्वेक्षकाकडून एकाच पातळीशी जोडून घ्यायची, आतल्या पाण्याची खोली मोजायची आणि कोणत्या बाजूला पाणी खाली आहे ते काढायचे. दिशा कळली की किमान एक कूपनलिका गळतीच्या वरच्या अंगाला हवी, जिच्यामुळे मूळचे पाणी कसे होते ते समजते; एक गळतीच्या अगदी जवळ आणि काही खालच्या अंगाला, पट्ट्याच्या टोकाचा शोध लागेपर्यंत. वरच्या अंगाची कूपनलिका खर्च वाचवण्यासाठी गाळली जाते, आणि मग ‘हे प्रदूषण आधीपासूनच होते’ असे म्हणायला समोरच्याला मोकळे रान मिळते.

दिशा एकदा मोजून भागत नाही. चिकोडी, रायबाग पट्ट्यात उसाला पाणी देण्यासाठी उन्हाळ्यात मोटारी अखंड चालतात, आणि जोरात उपसा करणारी विहीर आजूबाजूचे पाणी स्वतःकडे ओढते. नोव्हेंबरमध्ये पूर्वेकडे वाहणारे भूजल एप्रिलमध्ये एखाद्या मोठ्या बोअरकडे वळू शकते. केंद्रीय भूजल मंडळ देशभरातील आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते ते याच कारणाने. गळतीच्या जागी तर पहिल्या वर्षी त्याहून कमी मोजमाप मान्य करू नये.

बेसॉल्टमध्ये हे काम किती अवघड ठरते, याचे जगजाहीर उदाहरण अमेरिकेच्या हवाई राज्यात घडले. ओआहू बेटावरील रेड हिल येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डोंगराच्या पोटात बांधलेल्या २० प्रचंड टाक्यांत अमेरिकी नौदलाचे इंधन साठवले जात असे, आणि त्यांच्या खाली अवघ्या सुमारे ३० मीटरवर पिण्याच्या पाण्याचा साठा होता. हवाईचा खडकही आपल्यासारखाच लाव्हाचा. २०१४ मध्ये एका टाकीतून सुमारे १ लाख लिटर इंधन गळाले. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ७५ हजार लिटर इंधन फुटलेल्या नळातून बाहेर पडून पाणी उपसण्याच्या विहिरीपर्यंत पोहोचले. त्या पाणीपुरवठ्यावर सुमारे ९३ हजार लोक अवलंबून होते, आणि घरच्या नळाला इंधनाचा वास येऊ लागल्याच्या तक्रारी लोकांनीच केल्या. टाक्या बंद करण्याचा निर्णय मार्च २०२२ मध्ये जाहीर झाला.

या प्रकरणात आपल्या उपयोगाचा भाग वेगळाच आहे. तिथे निरीक्षणाच्या कूपनलिका होत्या, तज्ज्ञ होते, पैसा होता. तरीही भूजल नेमके कोणत्या दिशेला वाहते यावर नौदल आणि राज्याच्या यंत्रणा यांचे एकमत होत नव्हते. होनोलुलूच्या पाणीपुरवठा मंडळाने जवळचा हालावा येथील उपसा खबरदारी म्हणून बंद केला. भेगाळ खडकात मोजक्या कूपनलिकांवरून खात्रीने बोलणाऱ्याकडे संशयाने पाहावे, असे मला वाटते ते यामुळे.

नमुना कसा घेतात?

पाण्याची बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन तीत भरलेला नमुना या तपासणीसाठी निरुपयोगी आहे. प्लास्टिकमधून ही संयुगे निसटतात आणि बाटलीत राहिलेल्या हवेत उडून बसतात. योग्य रीत अशी आहे. आधी कूपनलिकेत पाण्यावर इंधनाचा तरंगता थर आहे का ते खास मोजपट्टीने किंवा पारदर्शक नळकांड्याने पाहतात. मग नळात साचून शिळे झालेले पाणी सावकाश काढून टाकतात, आणि तापमान, आम्लता व विद्युतवाहकता हे तीन आकडे स्थिर झाले की नवे पाणी आले असे समजतात. त्यानंतर ४० मिलिलिटरच्या काचेच्या कुपीत, फेस न होऊ देता, काठोकाठ पाणी भरून झाकण लावतात; कुपी उलटी केल्यावर आत एकही बुडबुडा दिसता कामा नये. जिवाणूंचे काम थांबावे म्हणून कुपीत आम्लाचे थेंब घालतात, ती बर्फात सुमारे ४ अंश सेल्सिअसला ठेवतात आणि १४ दिवसांच्या आत तपासतात.

सोबत शुद्ध पाण्याची एक सीलबंद कुपीही त्याच पेटीतून जाऊन परत आली पाहिजे. तिच्यातही बेंझीन सापडले तर गडबड प्रवासात झाली आहे, विहिरीत नाही. नमुना घेणारा माणूस पेट्रोलवर चालणाऱ्या जनरेटरशेजारी उभा असेल तर त्या नमुन्याला अर्थ राहत नाही. ही बाब क्षुल्लक वाटते, पण गावकऱ्यांनी उभे राहून पाहण्यासारखी नेमकी हीच आहे.

‘तपासणी झाली आहे, सगळे योग्य आहे’ असा अहवाल आला तर?

मग आधी काय तपासले ते पाहावे. पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी कठीणपणा, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड आणि जिवाणू यांची असते. तिच्यात इंधन शोधलेलेच नसते, त्यामुळे न सापडल्याचे आश्चर्य नाही.

काही अहवालांत ‘खनिज तेल’ ही ओळ असते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात खनिज तेलाची मर्यादा लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि त्या मानकाच्या तक्त्यांत बेंझीनसाठी वेगळी ओळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या बेंझीनच्या मर्यादेशी तुलना केली तर हा आकडा ५० पट मोठा आहे. शिवाय खनिज तेल मोजण्याच्या काही पद्धतींत द्रावक उडवून उरलेला अंश तोलतात. त्या खटाटोपात बेंझीनही उडून जाते. म्हणून अर्जात ‘पाणी तपासून द्यावे’ असे मोघम न लिहिता बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन आणि झायलीन यांची नावे लिहावीत, आणि डिझेलचा संशय असेल तर नॅफ्थलीन व त्याच्या जातीच्या बहुचक्रीय संयुगांची आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनचीही मागणी करावी.

अहवालात ‘आढळले नाही’ असे लिहिले असेल तर प्रयोगशाळेचे यंत्र कमीत कमी किती मोजू शकते, तो आकडा शेजारी हवा. तो आकडा ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा मोठा असेल तर ‘आढळले नाही’ या शब्दांनी फारसा दिलासा मिळत नाही. प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे, एवढेही पुरेसे नाही. ती मान्यता पाण्यातील या संयुगांच्या तपासणीसाठी आहे का, हे विचारावे. अहवाल इंग्रजीत आणि सोबतचे पत्र कन्नडमध्ये आले तरी घाबरण्याचे कारण नाही, कारण पाहायचे ते नाव, आकडा, एकक आणि तारीख एवढेच.

‘वास येत नाही, मग भीती कशाची?’

पेट्रोलच्या वासाने आपल्याला सावध करणारी संयुगे मुख्यतः टोल्युईन, झायलीन आणि इथाइलबेंझीन ही आहेत. बेंझीनचा वास पाण्यात जाणवायला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम लागतात, म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या हजार पट. वास येत असेल तर पाणी नक्कीच पिऊ नये, पण वास येत नाही म्हणून ते निर्धोक ठरत नाही.

तवंगाबाबत याच्या उलट गफलत होते. खानापूर, जांबोटीकडच्या जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर असल्याने साचलेल्या पाण्यावर लोहजिवाणूंचा इंद्रधनुषी पापुद्रा येतो आणि लोक तेल समजून घाबरतात. काडीने तो हलवून पाहावा. जिवाणूंचा पापुद्रा तुटून त्याचे वेडेवाकडे तुकडे होतात, तर तेलाचा तवंग फाटला तरी पुन्हा एकत्र मिळून येतो.

‘उकळून किंवा फिल्टर लावून चालणार नाही का?’

तुरटी, ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीन यांचा बेंझीनवर उपयोग होत नाही. उकळल्याने ते उडते हे खरे, पण ते स्वयंपाकघरातल्या हवेत उडते आणि आपणच ते श्वासातून घेतो. आरओ यंत्रातील पडदा अशा छोट्या रेणूंना भरवशाने अडवत नाही. सक्रिय कोळशाचा थर त्यांना धरून ठेवतो, मात्र तो भरला की काम थांबवतो आणि कधी भरला ते घरबसल्या कळत नाही. निकाल येईपर्यंत पर्यायी पाणी घेणे हाच मार्ग आहे, आणि आंघोळीच्या गरम पाण्यातूनही वाफ श्वासात जाते हे विसरू नये.

एक इशारा मात्र ठळकपणे द्यावासा वाटतो. विहिरीत उतरण्यापूर्वी प्राणवायू आहे का ते पाहण्यासाठी पेटता कंदील सोडण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती विहिरीत साचून राहते आणि त्या दिव्याने स्फोट होऊ शकतो. इंधनाचा वास येणाऱ्या विहिरीत दिवा सोडू नये, कोणी उतरू नये, आणि विहिरीतील मोटारीची कळही दाबू नये.

‘पंपाचा हिशेब रोज होतो, गळती लपेल कशी?’

हा आक्षेप रास्त आहे. टाकीत दांडी बुडवून किंवा यंत्राने रोज साठा मोजला जातो आणि विक्रीशी ताडून पाहिला जातो; मोठी गळती त्यात लगेच उघडी पडते. पण पेट्रोल एका अंश तापमानाला सुमारे ०.१ टक्का फुगते. वीस हजार लिटरच्या साठ्यात एका अंशाच्या फरकाने वीस लिटर कमी-जास्त दिसतात, त्यात टँकर रिकामा करताना उडणाऱ्या वाफेची भर पडते. दिवसाला चार लिटरची गळती या चढ-उतारात सहज दडते. ती पकडायची तर दिवसाचा नव्हे, कित्येक आठवड्यांचा कल पाहावा लागतो, आणि टाकी व नळांची दाबाची चाचणी घ्यावी लागते. दुहेरी भिंतीच्या टाकीत दोन भिंतींमधली जागा तपासता येते, म्हणून जुन्या एकेरी टाकीच्या शेजाऱ्यांनी अधिक जागरूक असावे.

‘आमची विहीर लांब आहे’

किती लांब, हा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जानेवारी २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांचे रुग्णालय आणि निवासी क्षेत्र यांपासून ५० मीटर दूर हवा, आणि जागेची अडचण असल्यास अधिक सुरक्षा उपायांसह किमान ३० मीटर. ही नव्या पंपांची गोष्ट झाली. जुने पंप आहेत तिथेच आहेत. वाळूच्या जमिनीत बेंझीनचे बहुतेक पट्टे शंभर मीटरच्या आत थांबतात, कारण जिवाणू त्यांना खात राहतात. भेगांच्या खडकात पाणी वेगाने धावते, जिवाणूंना वेळ आणि जागा कमी मिळते, आणि पट्टा अरुंद होऊन लांब पळू शकतो. पन्नास मीटरवरची विहीर सहीसलामत सुटते आणि दोनशे मीटरवरची सापडते, असे घडणे अशक्य नाही.

दाद कुठे मागायची?

पेट्रोलियम साठवणुकीचा परवाना आणि सुरक्षा हे पेसो या केंद्रीय संस्थेचे काम असून तिचे मुख्यालय नागपूरला आहे. पाण्याच्या प्रदूषणाची जबाबदारी कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे येते. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याने मंडळाला विहिरीतूनही नमुना घेण्याचा अधिकार दिलेला आहे, आणि रीतसर नोटीस देऊन घेतलेल्या त्या नमुन्याचे न्यायालयातील वजन आपण स्वतः नेलेल्या कुपीपेक्षा जास्त असते. म्हणून लेखी अर्ज ग्रामपंचायत किंवा महापालिका, जिल्हाधिकारी आणि मंडळ या तिघांकडे एकाच दिवशी देऊन पोच घ्यावी. आधी झालेल्या तपासण्यांचे अहवाल माहिती अधिकारात मागता येतात.

हरित न्यायाधिकरणाकडे जायचे तर सीमारेषेचा विचार करावा लागतो. बेळगाव, खानापूर, निपाणीची प्रकरणे चेन्नईच्या खंडपीठाकडे जातात, तर शेजारच्या कागल आणि चंदगडची पुण्याकडे. भूजल मात्र कोगनोळीचा टोलनाका पाहून थांबत नाही. गळती एका राज्यात आणि विहीर दुसऱ्या राज्यात असेल तर दोन्ही राज्यांच्या मंडळांना सुरुवातीपासून पत्र द्यावे. मुदतही लक्षात ठेवावी. पर्यावरणविषयक वादासाठी कारण घडल्यापासून सहा महिने आणि नुकसानभरपाईसाठी पाच वर्षे, अशी २०१० च्या हरित न्यायाधिकरण कायद्यातील चौकट आहे. प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसावा हे तत्त्व त्या कायद्यात लिहिलेले आहे, त्यामुळे निरीक्षण कूपनलिकांचा खर्च गावाने उचलण्याची गरज नाही. मात्र वास येण्यापूर्वीच्या पाण्याचा एखादा अहवाल हाताशी असेल तर बरेच वाद सुरूच होत नाहीत; पंपाशेजारच्या वस्तीने तेवढा एक खर्च स्वतः करून ठेवावा.

निरीक्षण थांबवायचे कधी?

टाकी काढली, माती उचलून नेली, पंप बंद झाला, म्हणून निरीक्षण संपत नाही. खडकाला माखलेले इंधन खालीच असते. साफसफाईचे काम संपल्यानंतर निदान दोन पूर्ण वर्षे, म्हणजे दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे, आकडे मर्यादेखाली आणि घसरते राहिले तरच थांबण्याचा विचार करावा, असे माझे मत आहे. बेंझीनसोबत प्राणवायू, नायट्रेट, विरघळलेले लोह आणि मिथेनही मोजत गेले तर जिवाणू खरोखर काम करत आहेत की केवळ पावसाच्या पाण्याने आकडा पातळ झाला आहे, हे वेगळे करता येते. भूजलपातळी खूप खाली गेलेल्या वर्षाचे निकाल त्यात असलेच पाहिजेत, कारण माखलेला थर तेव्हाच उघडा पडतो.

थांबण्याचे ठरल्यावर कूपनलिका तशाच सोडून देऊ नयेत. त्या खालपासून वरपर्यंत सिमेंट आणि चिकणमातीच्या मिश्रणाने भरून बंद कराव्या लागतात, आणि त्यांच्या जागा नकाशावर नोंदवून त्याची प्रत ग्रामपंचायतीकडे द्यावी लागते. तोंड उघडे राहिलेली निरीक्षण कूपनलिका म्हणजे पुढच्या सांडलेल्या डिझेलसाठी थेट भूजलापर्यंत तयार असलेला रस्ता.